कपाटात ठेवलेलं कार्ड

त्रेसष्ट फॉर्म मी माझ्या हातानं भरले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी संघटनेविषयी आणि बँकेविषयी जे बोलणार आहे, ते वाचून कोणाला वाटायला नको की मी बाजूला उभी राहून बघत होते. प्राथमिक शिक्षकांच्या आमच्या संघटनेची मी रत्नागिरी तालुक्याची खजिनदार होते. संघटनेच्या चिन्हाचं ते क्रेडिट कार्ड तालुक्यातल्या शाळाशाळांत पोचवलं ते मी आणि माझ्यासारख्या चार-पाच जणांनी.

सुरुवात जिल्ह्याच्या वार्षिक सभेत झाली. शहरातलं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. दाराशी बँकेचं टेबल मांडलेलं, त्यामागे गळ्यात ओळखपत्रं घातलेली तीन तरुण मुलं, आणि प्रत्येक सभासदाला एक कापडी पिशवी, एक डायरी फुकट. व्यासपीठावर दरवाजाएवढं पुठ्ठ्याचं कार्ड उभं केलं होतं. त्यावर आमच्या संघटनेचं चिन्ह, उघडं पुस्तक आणि पेटलेली पणती. आमचे जिल्हाध्यक्ष माइकसमोर आले आणि म्हणाले, "हे बँकेचं कार्ड नाही. हे आपलं कार्ड आहे." मग त्यांनी फायदे सांगितले. आयुष्यभर मोफत. दुकानांत सवलत. आणि प्रत्येक कार्डधारकाला दहा लाखांचा अपघात विमा.

टाळ्या पडल्या त्या विम्याला. आमच्यातले निम्मे शिक्षक रोज मोटारसायकलवरून वीस-पंचवीस किलोमीटर जातात आणि तेवढेच परत येतात. जिल्ह्यातला रस्ता सरळ असा मैलभरही नाही. दर वर्षी एखादा तरी जातो किंवा पाय गमावून बसतो. दहा लाख हा आकडा ऐकल्यावर शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला होता, हे मला आठवतं.

अध्यक्षांवर माझा विश्वास होता, आणि त्याला कारण होतं. माझी मुलगी दोन वर्षांची असताना मला राजापूरच्या टोकाला नेमणूक मिळाली होती. घर रत्नागिरीत, नवरा नोकरीला रत्नागिरीत. तेव्हा याच गृहस्थांनी जिल्हा परिषदेत चार खेपा घालून माझी बदली करून दिली, आणि एक पैसा घेतला नाही. त्यांच्याविषयी मी पुढे वाईट बोलणार आहे, म्हणून हेही लिहून ठेवते. त्या काळात संघटनेची ताकद बदल्यांत होती. आता बदल्या संगणकावर होतात, तिथे कोणाचं चालत नाही. मग संघटनेकडे सभासदांनी यावं कशासाठी? सहली, सोन्याच्या भिश्या, फ्लॅटच्या योजना, विमे आणि हे कार्ड. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, आपली माणसं आपल्यासाठी काही करतायत.

फॉर्म चार पानांचा होता. पहिलं पान मराठीत, मोठ्या अक्षरांत, त्यावर हसणारं शिक्षक जोडपं. उरलेली तीन पानं इंग्रजीत, तिळाएवढ्या अक्षरांत. मी इंग्रजी वाचते. ती पानं मी वाचली नाहीत. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक चौकट होती, तिच्यात बँकेच्या मुलानं मला तीन अक्षरं आणि दोन आकडे लिहायला सांगितले. म्हणाला, "मॅडम, तुमच्या प्रत्येक फॉर्मवर हे न विसरता टाका." मला वाटलं, तालुक्याचा नंबर असेल. मी वळणदार अक्षरात सगळीकडे तो टाकला.

आता त्या माणसाविषयी सांगते, ज्याच्यामुळे हे लिहायला बसले.

जयगडच्या रस्त्यावरच्या एका वाडीतल्या द्विशिक्षकी शाळेत आम्ही सहा वर्षं एकत्र होतो. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. ते माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, देवरूखकडचे, मला ताई म्हणायचे, मी त्यांना सर. शाळेचा नळ बिघडला तर प्लंबरची वाट बघायचे नाहीत, घरून पाना घेऊन यायचे. मुलांच्या वह्या तपासताना चुकीवर फुली मारायचे नाहीत, नुसती गोल खूण करायचे, कारण फुली बघून मुलं घाबरतात असं त्यांचं म्हणणं. उधारीवर काडेपेटीसुद्धा न आणणारा माणूस. गाडी घेतली तीही चार वर्षं साठवून.

त्यांनी कार्डाला नाही म्हटलं. मी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी वाढून झाल्यावर मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "ताई, आपल्याला नाही जमत हे. आधी वस्तू घ्यायची आणि मग पैसे. झोप लागणार नाही मला."

मी म्हटलं, "वापरू नका ना मग. नुसतं कपाटात ठेवा. विमा तरी मिळेल. रोज एवढ्या लांबून गाडीवर येता."

त्यांनी सही केली. माझ्या शब्दाखातर केली. महिन्याभरात एकदा तरी वापरा, नाहीतर कार्ड चालू होत नाही, असं बँकेच्या मुलानं सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी बाजारातून मुलीसाठी शाळेचे बूट घेतले. त्याचे पैसे आठवड्यात भरून टाकले. मग कार्ड कपाटात ठेवलं, मी सांगितल्याप्रमाणे.

पन्नासावर फॉर्म झाले म्हणून पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी मला शाल घातली आणि स्टीलच्या ताट-वाट्यांचा सेट दिला. फोटो निघाला. तो फोटो मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या, व्हॉट्सॲप गटावर टाकला होता, आणि सरांनी त्याखाली टाळ्या वाजवणारे हात पाठवले होते.

वर्ष उलटलं आणि कुरबुरी सुरू झाल्या. मोफत म्हणजे पहिलं वर्ष मोफत. पुढे वर्षभरात ठरलेल्या रकमेची खरेदी केली नाही तर शुल्क, त्यावर कर. एका बाईंनी फ्रीज घेतला होता. बिल भरताना सातशे-साडेसातशे रुपये कमी पडले, ते पुढच्या महिन्यात भरू म्हणाल्या. व्याज लागलं ते त्या सातशेवर नाही, फ्रीजच्या सगळ्या किमतीवर, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून. शिवाय त्या महिन्यात घेतलेल्या किराण्यावरही. एका गुरुजींनी बिलावर लिहिलेली 'किमान देय रक्कम' म्हणजेच सगळं बिल असं समजून आठ महिने तेवढीच भरली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. ते माझ्या घरी आले, चहाला नको म्हणाले, आणि उभ्यानंच बोलले. तुम्ही फॉर्म भरून घेतलात, आता तुम्हीच बँकेत चला.

मी गेले नाही. ग्राहक सेवेचा नंबर आहे, तिथे बोला, असं मी त्यांना सांगितलं. अध्यक्षांनी आम्हाला हेच सांगायला शिकवलं होतं. केंद्राच्या बैठकीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. गटावर कोणीतरी लिहिलं की काहींना ताट-वाट्या मिळाल्या आणि आमची वाट लागली. मला राग आला. लोकांना वाचायला नको, हिशेब करायला नको, आणि बोलायला मात्र सगळे पुढे, असं मी नवऱ्याला म्हटलं. त्यानं विचारलं, "तू वाचलं होतंस?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सर शाळेत आले नाहीत. साडेदहा झाले, अकरा झाले. फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. मग निवळी फाट्याजवळच्या एका पंपावरून पोलिसाचा फोन आला. वळणावर खडी सांडलेली होती, गाडी घसरली. दुसरं कोणी वाहन नव्हतं, कोणाची चूक नव्हती. हेल्मेट होतं. तरी डोकं नाही वाचलं.

तिसरी-चौथीची मुलं वर्गात बसून होती. मी दोन्ही वर्ग एकत्र केले आणि पाढे म्हणायला लावले.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको तेव्हा सदतीस वर्षांची, बारावी झालेली, घरी शिवणकाम करायची. मुलगी सातवीत. सासरे ओटीवर बसलेले. मी विम्याचं सांगितलं. दहा लाख मिळतील, कागद मी करून देते म्हटलं. सांगताना मला, खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं होतं, असं वाटलं. सासऱ्यांनी हात जोडले. सरांच्या बायकोनं कपाट उघडून कार्ड आणून माझ्या हातात दिलं. ते पाठवलं होतं त्याच पाकिटात होतं.

मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारस दाखला, सगळं गोळा करून आम्ही दोघी बँकेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं कागद घेतले, पावती दिली. दीड महिन्यानं बोलावलं. तरुण माणूस होता, उद्धट नव्हता. त्यानं संगणकाकडे बघत सांगितलं की दावा बसत नाही. अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत कार्डावर किमान एक खरेदी झालेली असली तरच विमा चालू राहतो. यांची शेवटची खरेदी पंधरा महिन्यांपूर्वीची आहे.

मी म्हटलं, असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं फॉर्मची छापील प्रत काढली आणि तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर पेन टेकवलं. मग, जणू त्याच विषयातलं आणखी एक सांगतोय अशा आवाजात म्हणाला की वार्षिक शुल्क, त्यावरचा विलंब आकार आणि व्याज धरून खात्यावर चार हजार आठशे रुपये येणं दिसतंय. ते वारसांनी भरलं तर खातं बंद करता येईल.

कार्ड वापरलं नाही म्हणून विमा गेला. कार्ड वापरलं नाही म्हणून शुल्क लागलं. एकच गोष्ट, तिचे दोन दंड. मी हे त्याला म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, अटी वरून येतात."

आम्ही बँकेच्या पायऱ्या उतरलो. रिक्षा स्टँडपाशी सरांच्या पत्नी थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना बाई? वापरू नका, कपाटात ठेवा म्हणून?"

मी हो म्हटलं.

"घरी येऊन मला सांगितलं होतं त्यांनी. ताई म्हणाल्या, नुसतं ठेवलं तरी चालतं." एवढं बोलून त्या एकट्याच रिक्षात बसल्या. दोघींचं घर एकाच वाटेवर होतं.

त्यानंतरचे तीन दिवस शाळा सुटल्यावर मी वर्गातच थांबले आणि फॉर्मची ती तीन पानं शब्दकोश घेऊन वाचली. माझे आजोबा अंगठा लावायचे. खोताच्या कारकुनानं पुढे केलेल्या कागदावर त्यांनी एकदा अंगठा लावला आणि कसत असलेली जमीन गेली, ही आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट. छप्पन्न साली आमच्या वाडीनं धम्म स्वीकारला, तेव्हा वडील लहान होते. पुढे ते हट्टानं शिकले आणि आम्हा भावंडांना एकच सांगत राहिले की वाचता आलं की कोणी कागद पुढे सरकवून फसवणार नाही. मला वाचता येत होतं. मी शिकवते वाचायला. आणि मी त्रेसष्ट माणसांपुढे न वाचलेला कागद सरकवला होता. खोताच्या कारकुनाला निदान कागदात काय आहे ते ठाऊक होतं.

त्या पानांत सगळं होतं. नव्वद दिवसांची अट होती. व्याजाची रीत होती. बँक अटी कधीही बदलू शकेल आणि सभासदानं कार्ड ठेवलं म्हणजे त्याला त्या मान्य आहेत असं धरलं जाईल, हेही होतं. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की कार्डावर जिचं चिन्ह आहे त्या संस्थेला बँक मोबदला देऊ शकते.

मी अध्यक्षांकडे गेले. संघटनेच्या नव्या सभागृहाला नुकत्याच फरशा बसल्या होत्या, तिथेच ते भेटले. मी त्यांना सरांचं सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. ते हळहळले, आणि ती हळहळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. संघटनेतर्फे वर्गणी काढून पंचवीस-तीस हजार देऊ म्हणाले. मी विचारलं, बँकेशी झालेला करार बघायला मिळेल का. ते म्हणाले, तो गोपनीय आहे. मी विचारलं, दर कार्डामागे संघटनेला काय मिळतं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, या फरशा कुठून आल्या असं तुम्हाला वाटतं? तुमच्या शंभर रुपये वर्गणीतून?"

मी म्हटलं, "सभासदांना सांगायला हवं होतं."

"तुम्ही खजिनदार आहात. तुमच्या तालुक्याच्या अहवालात 'सहकार्य निधी' म्हणून रक्कम आहे. खाली तुमची सही आहे." मग आवाज मऊ करून म्हणाले, "अटी वाचायच्या असतात, मॅडम. शिक्षक आहोत आपण."

माझ्या बदलीसाठी चार खेपा घातलेला माणूस हाच. त्या दिवशी मला त्याची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं, अहवालावर माझी सही होती. खरं बोलूनच त्यांनी माझं तोंड बंद केलं.

पुढची वार्षिक सभा देवरूखला होती. आयत्या वेळच्या विषयांत मी हात वर केला. मी फक्त तिसऱ्या पानावरच्या चार ओळींचं मराठी करून आणलं होतं, भाषण केलं नाही. दुसरी ओळ वाचत असताना माइक बंद झाला. मी आवाज चढवून पुढची वाचली. वर्गावर चाळीस मुलं गप्प करणारा आवाज आहे माझा, मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. व्यासपीठावरून कोणीतरी म्हणालं की मॅडमची प्रकृती बरी नाही, त्यांना पाणी द्या. ते मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते मागून आलं. ज्यांच्यासाठी मी बोलत होते त्यांच्यातूनच एक जण उठला. म्हणाला, "फॉर्म भरताना कुठे होता हा आवाज?" लोक हसले. किमान रक्कम भरत राहिलेले ते गुरुजीही हसणाऱ्यांत होते. मी राहिलेली चौथी ओळ वाचली आणि खाली बसले.

आठवड्यात पत्र आलं. संघटनेची शिस्त मोडल्याबद्दल खजिनदारपदावरून दूर, सभासदत्व स्थगित. सोबत पेन ड्राइव्ह, शिक्का आणि ताट-वाट्यांचा सेट परत करावा, अशी सूचना. सेटसुद्धा मागितला. मी तो त्याच खोक्यात भरून पाठवला. दोन वाट्या कमी होत्या, त्या बाजारातून विकत आणून घातल्या, पुन्हा त्यावर पत्र यायला नको म्हणून.

इकडे सरांच्या फोनवर बँकेचे फोन सुरू झाले होते. तो फोन त्यांच्या बायकोकडे होता. एक मुलगी सरांचं नाव घेऊन विचारायची, सर आहेत का. त्या सांगायच्या, ते वारले. ती मुलगी सॉरी म्हणायची आणि दाखला मेलवर पाठवायला सांगायची. चार दिवसांनी दुसरी मुलगी, तोच प्रश्न. दाखला तीनदा पाठवून झाला होता. हे मला त्यांच्या सासऱ्यांकडून कळलं. ते एकदा माझ्या घरी आले होते. निघताना म्हणाले, "बाय, त्या कागदाचा पुढे काय झाला? सून काय बोलत नाय. पण तुमी काय तरी करा."

मी सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी शिवणयंत्रावर बसल्या होत्या, उठल्या नाहीत. मी सांगितलं की ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. लोक अजून ग्राहक मंच म्हणतात तेच. तक्रार तुमच्या नावानं होईल, साक्ष मी देईन. बँक म्हणणार की तुमच्या नवऱ्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं, जे सांगितलं ते त्या बाईनं, तिचा आमचा संबंध नाही. तर तो संबंध होता हे मी सांगेन. प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यातला तो अक्षरं-आकड्यांचा नंबर तालुक्याचा नव्हता. तो माझा होता. बँकेच्या यादीत फॉर्म आणणारी म्हणून माझा नंबर होता, हे मी दुसऱ्या तालुक्यांतले फॉर्म मागवून ताडून पाहिलं होतं. फॉर्म भरून घेणाऱ्या प्रत्येकाचा नंबर वेगळा होता. मला न सांगता त्यांनी मला आपली एजंट करून टाकली होती.

त्यांनी यंत्र थांबवलं. "तुम्ही लिहून द्याल? कपाटाचं पण?"

"हो."

"तुमची नोकरी?"

मी म्हटलं, बघू. सरकारी नोकरानं असे फॉर्म भरून घेणं नियमात बसत नाही, चौकशी लागू शकते, हे मला माहीत होतं. त्या मला 'नको' म्हणतील असं मला मनातून वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मग उद्याच द्या लिहून."

प्रतिज्ञापत्र मी मराठीत लिहिलं. 'मी त्यांना सांगितले की कार्ड वापरू नका, कपाटात ठेवा, विमा मिळेल.' हे वाक्य नोटरीसमोर वाचताना नोटरीनं मला थांबवलं आणि विचारलं की हे असंच ठेवायचंय का, यानं तुम्हीच अडकाल. असंच ठेवलं.

दीड वर्ष तारखा पडल्या. बँकेचा वकील मुंबईहून यायचा. त्यानं मला विचारलं की तुम्हाला सभेत माइकवरून हाकलल्याचा राग आहे म्हणून तुम्ही हे बोलताय, हे खरं ना? मी म्हटलं, राग आहे. त्यानं विचारलं की बक्षीस घेतलं होतंत ना? मी म्हटलं, घेतलं होतं, परत केलं. तो म्हणाला, अटी न वाचता तुम्ही सही घेतलीत, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा. मी म्हटलं, माझा आहेच. पण तुमच्या मराठी पानावर दहा लाख आहेत आणि नव्वद दिवस नाहीत. तो निष्काळजीपणा कोणाचा? यावर त्यानं पुढची तारीख मागितली.

मराठी पानाचाच त्यांना अडसर झाला असावा. निकाल लागायच्या आधी बँकेनं तडजोड पुढे केली. चूक मान्य न करता, केवळ सहानुभूती म्हणून सहा लाख, आणि खात्यावरचं येणं रद्द. लढलो असतो तर कदाचित सगळे मिळाले असते. कदाचित वर अपील होऊन आणखी पाच वर्षं गेली असती. मी लढू म्हटलं. सरांच्या पत्नी म्हणाल्या की मुलीची दहावी झाली, मला थांबायचं नाही. त्यांनी सही केली. सहीच्या आधी त्यांनी तडजोडीचं प्रत्येक पान स्वतः वाचलं, दोनदा. बँकेचा वकील घड्याळ बघत राहिला.

माझी खातेनिहाय चौकशी झाली आणि एक वेतनवाढ रोखली गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत बिनविरोध निवडून आले. कार्ड अजून आहे, रंग बदललाय, आणि पहिल्या मराठी पानावर आता विम्यापुढे 'अटी लागू'ची एक बारीक चांदणी छापलीय. त्रेसष्टातल्या बावीस जणांनी कार्ड बंद केलं. उरलेल्यांनी का नाही केलं ते मी विचारलं नाही, माझ्याशी बोलणारेच थोडे राहिलेत. शिक्षकांच्या घरच्या लग्नाची पत्रिका आता नवऱ्याच्या नावानं येते.

सरांच्या बायकोला अनुकंपा तत्त्वावर पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून घेतलं. गेल्या महिन्यात माझ्या निवृत्तीचे कागद घेऊन मी तिथे गेले तेव्हा आस्थापनेच्या टेबलावर त्याच होत्या. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. मी समोर उभी राहिले. त्यांनी फाइल घेतली, पानं मोजली, बसा म्हटलं नाही. शेजारच्या टेबलावरचे साहेब मला बघून उठले आणि या मॅडम, चहा घेणार का, म्हणाले. सरांच्या बायकोनं मान वर केली नाही. सेवापुस्तकातल्या एका नोंदीची साक्षांकित प्रत कमी होती.

"ही उद्या आणा," त्या म्हणाल्या. "बाराच्या आत आणलीत तर उद्याच पुढे पाठवीन."

मुलगी कशी आहे, असं मला विचारायचं होतं. तिला परिचारिकेच्या कोर्सला प्रवेश मिळालाय हे मला बाहेरून कळलं होतं. मी विचारलं नाही. मागे दोन माणसं रांगेत होती. दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी प्रत नेऊन दिली, आणि फाइल त्या दिवशीच पुढे गेली.